बोल लागू नये म्हणून

साडीच्या दुकानात आलेली बाई साडीआधी माणसांचा विचार करते. बरोबर कोण आलंय, ही साडी कोणाकोणाच्या नजरेला पडणार आहे, कोण काय म्हणेल, याची जुळवाजुळव दुकानाच्या पायरीवरच सुरू झालेली असते. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या एका जुन्या दुकानात मी बरीच वर्षं काउंटरला होते. आता उपनगरात माझं स्वतःचं छोटं दुकान आहे. दोन्हीकडे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. रंग, पोत, काठ, किंमत यांबद्दल गिऱ्हाईक भरभरून बोलतं, पण हात आखडतो तो वेगळ्याच धास्तीने. नंतर कोणी बोल लावायला नको, ही ती धास्ती. बोल कधी सासूचा असतो, कधी जावेचा, कधी नवऱ्याचा आणि पुष्कळदा स्वतःच्याच मनाचा.

विकणाऱ्याला ही धास्ती दिसते. दिसली की ती घालवायची की वापरायची, हे त्याला ठरवावं लागतं. दुकानदार चांगला की वाईट ते इथेच ठरतं, असं माझं पक्कं मत झालं आहे.

बस्त्याच्या दिवशी हे सगळ्यात ठळक दिसतं. लग्नसराईत गावाकडून दोन्ही घरची मंडळी गाडी करून येतात. गादीवर पुढे बायका, मागे खुर्च्यांवर पुरुष, मध्येमध्ये चहाचे कप, पोरं आरशापाशी. काउंटरला नवीन लागलेली मुलगी आपोआप नवरीकडे तोंड करून साड्या उलगडते, नाहीतर पैसे देणाऱ्या वडिलांकडे बघून. मला हाताखाली घेणारे काका, आमच्या दुकानातले सगळ्यात जुने विक्रेते, सांगायचे, “पैसे कोणाकडे आहेत ते बघू नकोस. नको कोण म्हणू शकतं, ते हेर.” ती व्यक्ती सहसा फारसं बोलत नाही. वराची आत्या असेल, थोरली काकू असेल. सगळ्या जणी मतं देत असतात आणि ती काठावरून बोट फिरवत गप्प बसलेली असते. पण दर साडीला दोघी-तिघींची नजर हळूच तिच्याकडे जाऊन येते. ती नजर जिथे जाते तिथे पहिली साडी ठेवायची, हा काकांचा धडा.

एका बस्त्यात नवरीला फिकट जांभळी, चंदेरी काठाची साडी आवडली होती. तिने ती मांडीवर घेतली आणि सोडेना. आई म्हणाली, “अगं, लग्नात असला फिका रंग कुणी घेतं का?” मावशीने री ओढली. होणाऱ्या सासूबाई काहीच बोलत नव्हत्या, आणि त्या बोलत नव्हत्या म्हणूनच आई जास्त बोलत होती. रंगाबद्दल आईची स्वतःची तक्रार नव्हती. आपल्या मुलीमुळे पहिल्याच दिवशी शब्द यायला नको, एवढंच तिला हवं होतं. मी ती साडी उचलून सासूबाईंच्या हातात दिली आणि विचारलं, “काकू, विधीला तुमच्याकडे कोणता रंग लागतो?” त्या म्हणाल्या, “विधीला पिवळी आणि हिरवी. त्या झाल्या की बाकी तिला आवडेल ते घेऊ दे की!” आईचा चेहरा एकदम निवळला. पुढच्या पाच मिनिटांत साडी बाजूला निघाली आणि आईनेच तिच्यावर शोभेलसं ब्लाउजपीस मागितलं.

निवड त्या मुलीने केव्हाच केली होती. उरलेला सगळा वेळ त्या निवडीला घरातलं पाठबळ मिळवण्यात गेला. बहुतेक खरेदीत असंच होतं. मन पटकन बसतं, मग चार माणसांपुढे टिकेल असं कारण शोधणं सुरू होतं. “रंग पक्का आहे ना?” “पुढे मुलीलाही वापरता येईल ना?” “एवढ्याला असली मिळत नाही ना कुठे?” हे प्रश्न वरवर मालाबद्दल असतात, पण त्यांची उत्तरं बाई घरी जाऊन सांगणार असते. म्हणून ती उत्तरं खरीच द्यावी लागतात. मी रंगाची खोटी हमी दिली तर पहिल्या धुण्यात तोंडघशी ती पडते.

मानपानाच्या साड्यांना तर हे भय उघड्यावर येतं. “देण्याघेण्याच्या दाखवा” असं म्हणून बाई बसली की मी आधी विचारते, किती घरं आहेत आणि त्यांत जावा किती. जावांच्या साड्या एकाच भावाच्या असाव्या लागतात. पोत सारखा, किंमत सारखी, रंग मात्र वेगळे, आणि वेगळे रंग काढले की त्यातला एखादा जास्त उठून दिसतोच. मग तो रंग कोणाला द्यायचा, यावर साडीपेक्षा जास्त वेळ जातो. शंभर रुपयांनी स्वस्त असलेली सुंदर साडी बाजूला ठेवून सगळ्यांना सारखी, जरा डावी साडी घेणाऱ्या बायका मी कायम पाहते. बाहेरून बघणाऱ्याला हा अविचार वाटेल. पण ज्या घरात त्या साड्या जाणार आहेत तिथला हिशोब तिला माझ्यापेक्षा चांगला कळतो. तिने शंभर रुपये जास्त देऊन वर्षभराची शांतता घेतलेली असते.

माझी मुलगी मार्केटिंग शिकत होती तेव्हा तिची पुस्तकं मी चाळायला लागले. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्ये मांडलेलं म्हणणं वाचलं आणि थांबले. काही मिळाल्याचा जेवढा आनंद होतो, त्याहून तेवढंच गेल्याचं दुःख जास्त होतं, असं ते सांगतात. कानेमन यांना २००२मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ट्वर्स्की १९९६मध्येच गेले होते. त्यांनी प्रयोगांनी दाखवलेली गोष्ट आमच्या गादीवर रोज घडते. साडी छान निघाली तर दोन दिवस कौतुक होतं. वाईट निघाली तर दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं. अशा वेळी माणूस सावध होणारच.

त्याच दोघांचा १९७४चा आणखी एक प्रयोग आहे. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं. ते मुद्दाम १० किंवा ६५ वर थांबेल असं केलेलं होतं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांत आफ्रिकी देश किती टक्के असतील? ज्यांना १० दिसला त्यांचा अंदाज २५च्या आसपास आला, ज्यांना ६५ दिसला त्यांचा ४५च्या. चक्राचा आणि देशांचा काही संबंध नव्हता. डोळ्यांसमोर आधी आलेल्या आकड्याने पुढचा अंदाज ओढून घेतला होता. कापडाच्या धंद्यात हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. गिऱ्हाईक बसलं की आधी वरच्या रेंजचा माल टाकायचा, हा लक्ष्मी रस्त्यावरच काय, दादरच्या हिंदमाताला किंवा कुठल्याही तालुक्याच्या पेठेत पाळला जाणारा रिवाज आहे. अठरा हजारांची साडी पाहून झाली की नऊ हजारांची आपसूक माफक वाटायला लागते, मग घरून निघताना बाईने चार हजार ठरवलेले का असेनात.

माझ्या दुकानात मी हे करत नाही. किती रुपयांपर्यंत बघायची, हे विचारते आणि तेवढ्यातलंच आधी काढते. वरचं बघायचं असेल तर बायका स्वतः म्हणतात. यामुळे एकेका बिलाची रक्कम कमी होते, हे खरं आहे. पण चार हजार ठरवून आलेली बाई नऊ हजारांची साडी घेऊन गेली तर ती साडी कपाटात ठेवताना तिला माझं दुकान आठवतं, आणि ते चांगल्या अर्थाने आठवत नाही.

दुसरी गोष्ट ढिगाची. “अजून दाखवा, अजून दाखवा” करत साड्यांचा ढीग गुडघ्यापर्यंत येतो, आणि मग बाई उठते, “जरा एक चक्कर मारून येते.” ती चक्कर सहसा परत येत नाही. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात जॅमच्या बाटल्या मांडून प्रयोग केला होता. तो २००० साली प्रसिद्ध झाला. कधी २४ प्रकार मांडले, कधी सहा. २४ प्रकारांपाशी थांबणारे लोक जास्त होते, पण थांबलेल्यांपैकी घेतलं फक्त ३ टक्क्यांनी. सहा प्रकारांपाशी थांबलेल्यांपैकी ३० टक्क्यांनी घेतलं. पुढे इतरांनी असे प्रयोग केले तेव्हा दर वेळी असाच निकाल आला नाही. मला त्याचं नवल वाटत नाही. “मोरपंखी रंग, नारळी काठ, पाच हजारांच्या आत” असं म्हणत येणारी बाई पन्नास साड्या बघूनही थकत नाही, कारण तिच्याकडे चाळणी आहे. “काहीतरी चांगलं दाखवा” म्हणणारीला दहाव्या साडीला भोवळ येते.

यावर काकांचा उपाय होता. नापसंत झालेली साडी लगेच उचलायची, घडी घालणाऱ्या पोराकडे द्यायची आणि गादीवर एका वेळी तीनपेक्षा जास्त ठेवायच्या नाहीत. तीन साड्या शेजारी ठेवून दूर सरकायचं. गप्प बसायचं. नवीन मुलींना हे गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं. बाई विचार करत असते तेव्हा आपण बोललो की तिची जुळत आलेली संगती मोडते.

त्या शांततेत हाताकडे बघावं. डोळे भुलतात, तोंड भिडेपोटी कौतुक करतं, हात मात्र खरं बोलतो. आवडलेल्या साडीकडे हात परत जातो. पदराची किनार चाचपतो, कापड दोन बोटांत चोळून बघतो. जोअन पेक आणि सुझान शू यांनी २००९मध्ये दाखवलं, की वस्तू नुसती हाताळली तरी ती आपली असल्याची भावना वाढते. आरशासमोर पदर खांद्यावर टाकला की हेच होतं. म्हणून आमच्याकडे साडी लगोलग अंगावर लावून दाखवतात. मी त्यानंतर आणखी एक सांगते, “ताई, दारात जाऊन उजेडात बघा.” दुकानातल्या दिव्यांखाली राणी रंग जास्त लालसर दिसतो, जरीचा काठ जास्त सोनेरी दिसतो. जुन्या बायका न सांगता साडी घेऊन पायरीपर्यंत जातात. उजेडात रंग बघून आत आलेली बाई सहसा दुसऱ्या दिवशी बदलायला येत नाही.

पैसे देण्याची तऱ्हा बदलली तशी खरेदीही बदलली. पूर्वी बाई पर्समधून पाकीट काढायची, त्यातल्या नोटा मोजायची, पुन्हा मोजायची. मोजता मोजता एखादी साडी कमी व्हायची. २०१६च्या नोटाबंदीनंतर काउंटरवर क्यूआर आला आणि ते मोजणं संपलं. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बास्केटबॉलच्या सामन्याची तिकिटं लिलावात ठेवली होती. कार्डाने पैसे भरणाऱ्यांनी लावलेल्या बोली रोख देणाऱ्यांच्या दुपटीहून थोड्या जास्त होत्या. नोट हातातून सुटताना जो ठणका लागतो, तो मोबाइलवर लागत नाही.

पण सगळेच पैसे मनात एका जागी नसतात. रिचर्ड थेलर यांना २०१७मध्ये नोबेल मिळालं. माणूस मनातल्या मनात पैशांची वेगवेगळी खाती ठेवतो, ही त्यांची मांडणी. भिशी लावणाऱ्या बायकांना हे कोणी शिकवायला नको. पगारातून स्वतःसाठी साडी घेताना जिचा जीव खालीवर होतो, तीच भिशी लागली की हसत येते आणि मनासारखी घेऊन जाते. रुपये तेच, पण भिशीच्या पैशांबद्दल घरात कोणी विचारत नाही. म्हणजे इथेही गाठ बोल लागण्याशीच आहे.

आता या धास्तीचा वापर कसा होतो, ते सांगते. “ताई, हा शेवटचाच पीस आहे,” हे आमच्या धंद्यातलं जुनं वाक्य. हातमागावरच्या पैठणीबाबत ते पुष्कळदा खरंही असतं, कारण तशीच दुसरी विणायला काही आठवडे, भारी नक्षी असेल तर महिने लागतात. पण यंत्रमागावरच्या, सुरतेहून गठ्ठ्याने येणाऱ्या साडीबद्दल ते म्हणणं म्हणजे घाबरवणं आहे. किंमत आधी वाढवून मग खोडून सेल लावणं, हजारच्या ऐवजी ९९९ लिहिणं ही त्याचीच भावंडं. मोबाइलवर तेच जास्त सफाईने चालतं: “फक्त २ शिल्लक”, उलटं धावणारं घड्याळ, “नको, मला बचत करायची नाही” असं लिहिलेलं बटण. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३मध्ये अशा तेरा क्लृप्त्यांची यादी करून त्यांवर बंदी घातली. खोटी घाई लावणं आणि नाही म्हणणाऱ्याला लाजवणं या दोन्ही गोष्टी त्या यादीत आहेत. दुकानात समोर माणूस असतो, त्याला उलट विचारता येतं. पडद्यावर रात्री अकरा वाजता बाई आणि तिची धास्ती दोघीच असतात.

सगळ्यात जास्त नुकसान पैठणीत होतं, कारण तिथे रक्कम मोठी आणि हौस आयुष्यभराची. येवल्याच्या हातमागावरची अस्सल पैठणी आणि यंत्रमागावरची सेमी पैठणी यांत वावगं काही नाही. दोन्ही सुंदर दिसतात, दोन्ही मी विकते. सेमी पैठणी अस्सल म्हणून विकली जाते, ते वावगं आहे. ओळख सोपी आहे. पदर उलटा करा. हातमागावर पदरातला मोर किंवा पोपट रंगीत धाग्यांनी जागच्या जागी गुंफलेला असतो, त्यामुळे मागची बाजू जवळजवळ पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागावर मागे धागे लांबच लांब सुटलेले किंवा कापलेले दिसतात. सिल्क मार्कचं लेबल रेशीम शुद्ध असल्याचं सांगतं, साडी हातमागावरची असल्याचं नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा आहे. हे दोन मिनिटांत समजावून दिलं की पुढे ती बाई स्वतः ठरवते, आणि तिने ठरवलेलं तिला पुढे बोचत नाही.

धास्ती घालवणारं सगळ्यात मोठं वाक्य माझ्या अनुभवात एकच आहे: “घरी दाखवा, नाही आवडली तर बदलून देईन.” हे ऐकल्यावर खांदे सैल पडतात. निर्णय कायमचा राहत नाही, म्हणून तो घेता येतो. शेजारचे दुकानदार म्हणतात, यात तोटा आहे, बायका घालून परत आणतील. तसं क्वचितच घडतं. बदलायला येणाऱ्या थोड्या, आणि आलेल्यांपैकी पुष्कळ जणी जास्तीची काहीतरी घेऊन जातात. “एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही” ही पाटी माझ्या दुकानात नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीदेखील.

शेवटी एका वेगळ्या गिऱ्हाइकाबद्दल सांगते. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला, दुकान रिकामं असताना, एकटी येणारी बाई. ती आधी दुसऱ्यांसाठी घेते, सुनेला, नणंदेला, कामवाल्या मावशींना. सगळं बांधून झालं की जाता जाता एखाद्या साडीपाशी रेंगाळते. विचारलं तर म्हणते, “नको, पडल्यात घरी ढिगाने.” इथे बोल लावणारं दुसरं कोणी नसतं, ती स्वतःच असते. मी आग्रह करत नाही. साडी उलगडून ठेवते आणि बाजूला होते. कधी ती घेते, कधी नाही. तिने विचारलं, “मला शोभेल का हो?” तर खरं सांगते. रंग तिला खुलत नसेल तर नाही म्हणते आणि खुलेल तो काढून देते. एकदा “नाही” ऐकलेली बाई पुढच्या वेळी माझ्या “हो”वर विश्वास ठेवते. मोठ्या दुकानांच्या शेजारी माझं छोटं दुकान उभं आहे ते या विश्वासावर.

नव्याने काउंटरला लागणाऱ्या मुलींना माझं सांगणं एवढंच, की गिऱ्हाइकाच्या मनातली भीती कळायला लागली की आपल्या हातात बळ येतं. ते बळ तिच्याच बाजूने वापरा. आणि वाचणाऱ्यांना विनंती: दुकानात जायच्या आधी घरीच रक्कम ठरवा आणि ती पहिल्यांदा तुम्हीच सांगा. तीन पसंत पडल्या की चौथी मागू नका. पदर उलटा करून बघा, रंग उजेडात बघा. कोणी घाई करायला लागलं की उठा, त्या साडीवाचून कोणाचं लग्न अडत नाही. वर्षातून एखादी तरी साडी कोणाला काय वाटेल याचा विचार न करता स्वतःसाठी घ्या. आणि पक्कं बिल घेतल्याशिवाय पायरी उतरू नका.